यंत्र आले, पण सांभाळणार कोण?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने गेल्या हिवाळ्यात आम्ही काही जण एका खेड्यात सात दिवस राहिलो. गावाचे नाव मुद्दामच सांगत नाही. कारण ते काढून तेथे दुसऱ्या एखाद्या गावाचे घातले, तरी गोष्टीत फारसा फरक पडणार नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीत एका कोपऱ्यातील टेबलावर संगणक होता. त्यावर भरतकामाचा रुमाल अंथरला होता आणि रुमालावर जुन्या दप्तराचा गठ्ठा ठेवलेला होता. बरोबर त्याच्या वर, भिंतीवर, उद्घाटनाचा फोटो होता. फेटे बांधलेली पाहुणेमंडळी, फीत, नारळ आणि मधोमध हळदीकुंकू लावलेला हाच संगणक! शिपाईमामांना विचारले, "मामा, हा चालतो का?" ते म्हणाले, "चालत हुता की. पोरगं हुतं तवर चालत हुता."

पोरगं म्हणजे संगणक चालविणारा गावातलाच एक मुलगा. मानधन महिनोन् महिने थकले, म्हणून तो मिरजेला एका दुकानात कामाला गेला होता. यंत्रात बिघाड काही नव्हता. त्याचा माणूस तेवढा निघून गेला होता.

मामांचे ते वाक्य शिबिर संपले तरी डोक्यातून जाईना. त्याचाच विचार करता करता हा लेख लिहावासा वाटला. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. ते काम अभियांत्रिकीवाल्यांचे, आपण आपले साहित्य, इतिहास आणि अर्थशास्त्र पाहावे! पण जरा आपल्याच वर्गाकडे नजर टाका. आपल्यातील निम्मे मित्र स्पर्धापरीक्षांची पुस्तके उशाला घेऊन झोपतात. उद्या त्यांतील कोणी गावकामगार तलाठ्याच्या खुर्चीत बसेल, कोणी पंचायत समितीत जाईल, कोणी तोच थकलेल्या मानधनाचा संगणकचालक होईल. यंत्र बनविणारे शहरात राहतात; ते गावात चालविण्याची वेळ आपल्यावर येणार आहे. म्हणून हा प्रश्न आपलाच आहे.

आपल्या भागात या प्रश्नाचा एक फार मोठा आणि बोलका दाखला घडून गेला आहे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यात १९९८ साली एक प्रयोग सुरू झाला. पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञानविषयक कृतिदलाच्या पुढाकाराने तो हाती घेतला गेला आणि 'वायर्ड व्हिलेज' या नावाने देशभर गाजला. वारणानगरला केंद्र धरून दोन्ही जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, अशी ती योजना होती. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने आणि उरलेला १० टक्के वारणेच्या शिक्षणसंस्थेने उचलायचा असे ठरले. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. गावोगावी संगणक असलेली केंद्रे उघडली गेली. ज्या काळात सांगलीसारख्या शहरातही संगणक पाहायला मिळणे अपूर्वाईचे होते, त्या काळात शिराळा-वाळव्याच्या खेड्यांत तो येऊन बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

वारणाच का निवडली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पायावर तेथे साखर कारखाना होता, दूध संघ होता, बझार होता, शाळा-महाविद्यालये होती. गावोगावचा शेतकरी या ना त्या नात्याने या संस्थांशी आधीच जोडलेला होता. म्हणजे तारेने जोडण्यापूर्वीच ही गावे माणसांनी जोडलेली होती. प्रयोगासाठी यापेक्षा चांगली जमीन महाराष्ट्रात शोधूनही क्वचितच सापडली असती.

या केंद्रांकडून अपेक्षा पुष्कळ होत्या. शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, पिकावरील रोगाचा सल्ला मिळावा, सरकारी योजनांची आणि दाखल्यांची माहिती मिळावी, जमिनीचे उतारे मिळावेत, मुलांना शिक्षणाची आणि नोकरीची माहिती मिळावी, असे मोठे चित्र रंगविले गेले होते. काही वर्षांनी अभ्यासक तेथे गेले तेव्हा त्यांना काय दिसले? या यादीतील बहुतेक गोष्टी नावापुरत्याच उरल्या होत्या. नेटाने चालू होते ते एकच काम, उसाचे.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा सारा जीव चार कागदांत अडकलेला असतो: लागणीची नोंद, तोडीची पावती, वजनाची चिठ्ठी आणि बिल. तोड कधी येणार, वजन किती भरले, खताची उचल किती कापली, हातात किती पडणार, एवढे कळण्यासाठी त्याला पूर्वी कामधंदा टाकून गट ऑफिसला किंवा कारखान्यावर हेलपाटे घालावे लागत. ते हेलपाटे गावातल्या केंद्राने वाचविले. कारखान्यालाही हिशोब चोख आणि लवकर मिळू लागला. या कामाची गरज दोन्ही बाजूंना होती, म्हणून ते चालू ठेवण्याचा खर्चही कोणीतरी आपला मानून सोसत होते. बाजारभावाची किंवा दाखल्याची माहिती कितीही उपयोगाची असली, तरी ती रोज ताजी करून पाठविण्याची जबाबदारी नक्की कोणाची, आणि ती न आल्यास कोणाला जाब विचारायचा, याला उत्तर नव्हते. धन्याविना शेतात तण माजावे, तसे त्या कामांचे झाले.

वारणेच्या गोष्टीचा पुढचा अंक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संगणक जुने होत गेले. प्रत्येक केंद्रात एक संगणक, त्याची दुरुस्ती, वीज, दूरध्वनीची जोडणी, हे सर्व चालू ठेवणे खर्चाचे होऊन बसले. त्यातच तो काळ राज्यभर भारनियमनाचा. दरम्यान एक गोष्ट कोणत्याही योजनेशिवाय आपल्या पायांनी गावात येऊन पोहोचली होती. ती म्हणजे साधा मोबाईल. तेव्हा २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेतील मंडळींनी वारणेतल्या सात गावांत आठ महिने एक प्रयोग करून पाहिला. संगणकाऐवजी मोबाईलवरून छोटे संदेश पाठवायचे, एवढीच कल्पना होती. शेतकऱ्याने आपली माहिती संदेशाने मागवायची आणि वजनाचे, खताचे उत्तर संदेशानेच मिळवायचे. निष्कर्ष असा निघाला की, संगणक जे जे करीत होता ते सर्व या साध्या फोनने केले. खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली. या प्रयोगाला त्यांनी नावही मोठे मार्मिक दिले: 'वारणा अनवायर्ड'. आठ वर्षांपूर्वी ज्या तारांचा गाजावाजा झाला, त्या सोडविल्यावर काम सोपे झाले!

या गोष्टीवरून यंत्र खेड्याला मानवतच नाही, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. वारणेच्या शेतकऱ्याने यंत्र नाकारले नाही. त्याने जड यंत्र सोडून हलके घेतले, एवढेच. साधने तुटपुंजी असतात तेथे सर्वांत आधुनिक यंत्रापेक्षा, गावाला स्वतःच्या बळावर चालू ठेवता येईल ते यंत्र अधिक उपयोगाचे असते, असे माझे मत आहे. आणि चालू ठेवणे म्हणजे केवळ वीज नव्हे. चालविणारा माणूस, त्याचा पगार, दुरुस्तीची सोय आणि बंद पडल्यास जाब देणारा धनी, ही चारही अंगे त्यात आली.

आपल्या जिल्ह्याच्या दुष्काळी भागाला हा धडा संगणकाच्या आधीच मिळायला हवा होता. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेकडे पाहा. कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून कवठेमहांकाळ आणि जतकडे न्यायचे, ही कल्पना भव्यच. पंपगृहे उभी राहिली, कालवे निघाले. पण पाणी डोंगर चढते ते विजेवर, आणि विजेचे बिल दर महिन्याला येते. ते कोणी भरायचे, या वादात थकबाकी साचत गेली. पिके वाळत असताना पंप बंद, अशी पाळी त्या भागाने अनेकदा अनुभवली. पुढे बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा असे ठरले. हा तोडगा पुरेसा आहे की नाही, यावर मतभेद असू शकतील. माझा प्रश्न निराळा आहे. बिल येणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. मग त्याची वाटणी पहिल्याच दिवशी का ठरली नाही? बांधकामाला पैसा मिळतो, कारण त्याची कोनशिला बसवता येते. विजेच्या बिलाची कोनशिला कोणी बसवत नाही.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडी या गावांच्या लोकांनी ऐंशीच्या दशकात बळीराजा धरण उभारायला घेतले. मुक्ती संघर्ष चळवळीने त्यात पुढाकार घेतला आणि के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आपले ज्ञान त्यांच्या हाती दिले. पैसा उभा करण्यासाठी गावकऱ्यांनी नदीतील वाळू विकण्याचा मार्ग काढला. सरकारी परवानगीसाठीही त्यांना झगडावे लागले. मला त्यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. धरणाच्या जोडीनेच पाण्याच्या वाटपाचाही विचार झाला होता. पाण्यात सर्व कुटुंबांचा हक्क सारखा, ज्याला जमीन नाही त्याचाही, हे तत्त्व गावाने स्वीकारले होते. बांध लहान होता. पण तो कोणाचा, हे विचारायला कोणाकडे जावे लागत नव्हते.

हे सारे सांगितल्यावर एक आक्षेप येणार, हे मला ठाऊक आहे. आमच्या एका सरांनीच तो घेतला. ते म्हणाले, "अरे, प्रत्येक गावाची वेगळी चौकशी करून, प्रत्येकाच्या सोयीने सरकार योजना आखत बसले, तर शंभर वर्षे लागतील. सातबारा ऑनलाइन झाला तो वरून एकदम जोर लावला म्हणूनच ना?" या म्हणण्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. एका उताऱ्यासाठी तलाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माणसाला त्याने केवढा दिलासा दिला, हे आमच्या घरानेही अनुभवले आहे. काही कामे वरूनच व्हावी लागतात.

पण सरांच्या उदाहरणातच माझे उत्तरही आहे. तो सातबारा केवळ यंत्राने आला नाही. संगणकात चढलेल्या नोंदींत चुका होत्या. त्या हस्तलिखिताशी ताडून पाहाव्या लागल्या, चावडीवर वाचून दाखवाव्या लागल्या, लोकांच्या हरकती घ्याव्या लागल्या. हे काम माणसांनी केले. मध्येच बंद पडणाऱ्या सर्व्हरपुढे रात्री-अपरात्री बसून तलाठ्यांनी केले. योजनेच्या यशाच्या जाहिरातीत त्यांच्या या जागरणाला फारशी जागा मिळाली नाही.

पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद शेतात उभे राहून करायची. कल्पना उत्तम आहे. आपल्या पिकाचा साक्षीदार शेतकरी स्वतःच असावा, यापरते दुसरे काय हवे? पण शिराळ्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ वाड्यांत किंवा जतच्या विखुरलेल्या वस्त्यांवर जाऊन पाहा. मोबाईलला रेंज येते ती टेकडीवर, आणि पीक असते खाली ओढ्याकाठी! ज्याच्याकडे तसा फोन नाही त्या म्हाताऱ्याला शेजारच्या पोराची मनधरणी करावी लागते. नोंद राहिली तर पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण त्याला येते.

येथे या साऱ्या प्रश्नातील खरे दुखणे उघड होते. यंत्र बंद पडले, तर नुकसान कोणाचे? शहरात बँकेचे यंत्र बंद असले तर आपण चार पावलांवरच्या दुसऱ्या यंत्राकडे जातो. खेड्यात तो दुसरा पर्याय नसतो. माझ्या आजीचीच गोष्ट सांगतो. रेशनच्या दुकानात अंगठ्याचे यंत्र आले तेव्हा तिचा थंब काही केल्या लागेना. साऱ्या जन्मात भांगलण, खुरपणी आणि ऊस बांधणी करून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झाल्या आहेत. तीन वेळा ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. चौथ्या वेळी तिने बोटांना तेल लावून पाहिले, मग पदराला पुसून पाहिली. अशा माणसांसाठी नियमात वेगळी सोय आहे, हे आम्हांला पुष्कळ उशिरा कळले. त्या दुकानात ते कोणी सांगितले नव्हते. आजी तेव्हा म्हणाली, "माझं हातच खोटं ठरलं बघ." ज्या हातांनी तिने शेत पिकवले, त्या हातांचा यंत्राने ओळखण्यास नकार द्यावा आणि त्याचा अपराध तिने स्वतःकडे घ्यावा, हे मला अजूनही सलते.

म्हणून माझ्या मते खेड्यातील कोणतीही सरकारी तांत्रिक योजना मंजूर होण्यापूर्वी काही साध्या प्रश्नांची उत्तरे कागदावर यावीत. पहिला प्रश्न, हे कोण चालविणार आणि निदान पाच वर्षे त्याचा पगार कोण देणार? अंदाजपत्रकाची सुरुवात यंत्राच्या किमतीने न होता या माणसाच्या पगाराने व्हावी. आपल्या राज्यातील ग्रामपंचायतींच्या संगणकचालकांनी थकलेल्या आणि तुटपुंज्या मानधनासाठी कितीदा मोर्चे काढले, कितीदा काम बंद ठेवले, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जो गावाला दाखले देतो त्याच्याच पगाराचा दाखला नसावा, हा कुठला न्याय?

दुसरा प्रश्न, बिघडले तर दुरुस्ती कोठे होणार? त्याचा सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नसेल, तर ते यंत्र त्या गावासाठी नाही असे समजावे, मग ते कितीही चांगले असो. तिसरा, यंत्र बंद असेल त्या दिवशी काम कसे चालणार? वही आणि सही यांना तेवढ्यापुरती मान्यता असलीच पाहिजे, आणि ती सोय दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असली पाहिजे. चौथा, गावाची रोजची कोणती गरज यातून भागणार? वारणेने शिकविले ते हेच. एक काम असे धरावे की जे नसले तर गावाला चुकल्यासारखे वाटेल. ते रुळले की त्याच्या आधाराने दुसरे जोडावे. प्रत्येक गावाला साखर कारखाना नसतो, हे खरे. पण दूध डेअरी असते, विकास सोसायटी असते, पाणीपुरवठ्याची टाकी असते, रेशनचे दुकान असते. सकाळी डेअरीवर घातलेल्या दुधाची फॅट आणि दहा दिवसांचे बिल हे त्या घराच्या दृष्टीने कोणत्याही मोठ्या योजनेइतकेच महत्त्वाचे असते.

हे करायला जास्त पैसा लागेल असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. रुमालाखाली झाकून ठेवलेल्या संगणकावरही पैसा खर्च झालाच होता. वीस गावांना यंत्रे देऊन ती दोन वर्षांत बंद पडू देण्यापेक्षा, दहाच गावांना यंत्रे द्यावीत आणि उरलेल्या पैशात त्यांचा माणूस टिकवावा, यात काटकसर अधिक आहे. अर्थात उद्घाटने निम्मी होतील, ही अडचण आहे खरी!

शेवटी आपल्या महाविद्यालयापुरती एक सूचना. दर वर्षी आपले शिबिर एका गावात जाते. आपण रस्ता झाडतो, वृक्षारोपण करतो, रात्री प्रबोधनाचे कार्यक्रम करतो. या वर्षी त्याच्या जोडीने एक वही घेऊन गावभर फिरू या. सरकारी पैशाने आलेले प्रत्येक यंत्र पाहू या: पंचायतीतील संगणक, शाळेतील पडदा, सौर दिवा, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, सभागृहापर्यंत येऊन पोहोचलेली इंटरनेटची तार. चालू की बंद, केव्हापासून, का, आणि चालविणारा कोण, एवढेच लिहू या. मराठी लिहिता येणाऱ्या आणि माणसांशी बोलता येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम नक्की जमेल. यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत ग्रामसभेत वाचून दाखवू आणि एक पंचायत समितीत देऊ.

आणि त्या गावात पुन्हा गेलो, तर शिपाईमामांना एकच विचारायचे आहे. पोरगं परत आलं का?